गळ आणि माग : शिकारी विद्येचा शेतकऱ्यास उपयोग

कोंकणांतील शेतकरी केवळ नांगरावर कधींच जगला नाहीं. भाताचें पीक चार महिन्यांचें. उरलेल्या दिवसांत रान आणि नदी हीं त्याचीं दोन जादा खाचरेंच होतीं, असें म्हटलें तरी चालेल. आमच्या साजगांवच्या विठोबास लोक 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. कार्तिकांतील यात्रेंत तेथें सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो, आणि दर्शन घेऊन परतणारा शेतकरी बोंबील-सुकटीची बेगमी करूनच घरीं जातो. ज्या मुलखांत देवाच्या नांवांतहि मासळी आहे, तेथें गळ आणि माग हे विषय शेतकीच्या मासिकांत परके वाटूं नयेत.

आमच्या घराण्यांत वडिलांच्या पिढीपर्यंत शिकार होती. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती बंद झाली. मजकडे वारसा आला तो बंदुकीचा नव्हे, नजरेचा. महसूल खात्यांतील कारकुनीच्या निमित्तानें कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील पुष्कळ शिवारें पायांखालून गेलीं, आणि सुटीचा दिवस बहुधा नदीकांठीं गळ टाकून बसण्यांत गेला. कातकरी बांधवांच्या संगतींत जें शिकावयास मिळालें, तें कोणत्याहि पुस्तकांत आढळलें नाहीं.

शिकार म्हणजे मारणें, ही समजूत अपुरी आहे. मारणें हें शेवटच्या क्षणाचें काम. प्राणी कोठून येतो, केव्हां येतो आणि कां येतो, हें ओळखणें हें त्यापूर्वींचें व खरें काम होय. आज हीच विद्या पिकाच्या राखणीस आणि मासळीचें बी टिकविण्यास लागते. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या अभ्यासाचा आरंभ लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेल्या एका चिमणीपासूनच झाला. शिकाऱ्याची नजर रक्षणाकडे वळली म्हणजे तिचा उपयोग किती मोठा होतो, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

नदीचा स्वभाव

पाताळगंगा ही मुळांत पावसाळी नदी. परंतु १९१५ सालीं खोपोली येथें टाटांचें वीजगृह सुरू झालें. घाटमाथ्यावरील वळवण, शिरवटा इत्यादि तलावांचें पाणी नळांतून खालीं येऊन, वीज निर्माण करून नदीस मिळूं लागलें, आणि नदी उन्हाळ्यांतहि वाहती राहिली. १९२२ पासून भिवपुरीच्या वीजगृहानें उल्हास नदीचीहि तशीच सोय केली. या पाण्यावर कांठचे भाजीचे मळे पोसले गेले आणि डोहांतील मासेहि वांचले.

मात्र अशा नदीचा एक धोका नवख्यास कळत नाहीं. वीजनिर्मिती कमीअधिक होईल त्याप्रमाणें पाणी चढतें व उतरतें. आकाश निरभ्र असतांहि पात्रांतील खडक थोड्या वेळांत पाण्याखालीं जातात. म्हणून पात्रांत उतरण्यापूर्वीं पाण्याच्या कडेस एक काडी रोवावी व तिजवर लक्ष ठेवावें. पाणी बोटभर चढलें, किंवा प्रवाहांत एकाएकीं पालापाचोळा व फेस वाहूं लागला, कीं गळ गुंडाळून कांठ गांठावा. मासा पुन्हां मिळेल. बैल पाण्यावर नेणाऱ्यांनीं व कपडे धुण्यास जाणाऱ्या स्त्रियांनींहि ही खूण लक्षांत ठेवावी.

गळासंबंधीं कांहीं सूचना

गळ टाकण्यास पहांट व तिन्हीसांज हे उत्तम काळ होत. ढगाळ दिवशीं दिवसभर मासा खातो. कडक उन्हांत तो खोल पाण्यांत किंवा झाडाच्या सावलींत दडतो. बसतांना सूर्य समोर असावा, म्हणजे आपली सावली पाण्यावर पडत नाहीं. माशास पावलांचा हादरा फार लवकर कळतो; म्हणून कांठावर पाय आपटूं नयेत. वाहत्या पाण्यांत मोठ्या दगडाच्या मागें, आणि ओहोळ नदीस मिळतो त्या तोंडाशीं, मासा हमखास उभा असतो. वाहून येणारें भक्ष्य तेथें त्याला श्रमाशिवाय मिळतें.

उकिरड्याखालचें गांडूळ हें सर्वांत सोयीचें आमिष. ओल्या मातींत पाला घालून डब्यांत ठेविल्यास तें दोन दिवस जिवंत राहतें. वाम रात्रीं दगडांच्या कपारींतून बाहेर पडते व गांडुळास लागते. रोहू-कटल्यास कणकेचा गोळा चालतो. मळतांना त्यांत थोडा कापूस मिसळल्यास तो पाण्यांत लवकर सुटत नाहीं. मरळ हा मांसाहारी मासा जिवंत बेडकावर झडप घालतो.

मरळीविषयीं एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पावसाळ्यांत उथळ पाण्याच्या पृष्ठभागीं तांबूस रंगाच्या बारीक पिलांचा पुंजका फिरतांना दिसतो, व त्याखालीं जोडपें पहारा करीत असतें. अशा वेळीं मरळ चवताळून गळास चटकन लागते; पण ती काढली कीं पिलांचा पुंजका इतर माशांच्या तोंडीं जातो. एका जेवणासाठीं सबंध वीण बुडते. जाणता गळकरी असा पुंजका दिसतांच जागा बदलतो. लहान मासा गळास लागल्यास हात ओला करून तो धरावा व हळूच सोडावा. कोरड्या हातानें त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून तो पुढें मरतो.

वलगण : बियाण्याची कणगी

मृगाची मोठी सर पडून ओहोळ वाहूं लागले, कीं नदींतील मासळी प्रवाहाच्या उलट वर चढूं लागते. ओहोळांतून ती भाताच्या खाचरांपर्यंत येते आणि तेथील उथळ, कोमट, नव्या पाण्यांत अंडीं घालते. हीच वलगण. त्या रात्रीं गांवोगांवीं बत्त्या निघतात. मुलेंबाळें, म्हातारेकोतारे सर्व ओहोळावर लोटतात. वलगणीची मासळी चवीस उत्तम, कारण ती गाभोळीनें भरलेली असते. आणि नेमकी तिथेंच नुकसानीची मेख आहे. एका मादीच्या पोटांत हजारों अंडीं असतात. ती मादी पहिल्याच रात्रीं कालवणांत गेली, तर बियाण्याची कणगी फोडून जेवणावळ घातल्यासारखें होतें.

पूर्वीं वलगण हातानें, कोयत्यानें किंवा लहानशा जाळ्यानें धरीत. चढणाऱ्या मासळीचा थोडासा भाग हातीं लागे, बाकीची वर जाई. आतां बारीक आसाचें नायलॉनचें जाळें ओहोळाच्या संपूर्ण रुंदीवर बांधतात. त्यांतून बोटाएवढा मासाहि सुटत नाहीं. कांठीं कारखाने व वस्ती वाढल्यानें नदीच्या पाण्यावर अगोदरच भार आहे. अशा स्थितींत अंडीं घालण्याची वाटहि बंद केली, तर ओहोळ ओस पडण्यास फार वर्षें लागत नाहींत. उपाय शेतकऱ्याच्याच हातीं आहेत, कारण वलगणीची वाट त्याच्या बांधावरून जाते :

(१) पहिल्या वलगणीचे तीन-चार दिवस मासळीस निर्वेध चढूं द्यावें. अंडीं घालून पाणी उतरतांना जी परत फिरते, तींतून आपला वांटा घ्यावा.

(२) कोणत्याहि ओहोळाची सगळी रुंदी जाळ्यानें अगर दगडांच्या बांधानें अडवूं नये; निदान अर्धी वाट मोकळी ठेवावी.

(३) पुढें खाचरांतील पाणी काढतांना बांध एकदम फोडूं नये. पाणी हळूहळू ओहोळाकडे सोडावें, म्हणजे पिलें त्याबरोबर नदीस मिळतात.

(४) कीटकनाशक मारल्यावर कांहीं दिवस खाचराचें पाणी बाहेर सोडूं नये, व फवारणीचा पंप ओहोळांत कधींहि धुवूं नये. पायरेथ्रॉइड गटांतील औषधें माशांस व खेकड्यांस अत्यंत विषारी आहेत. अगदीं अल्प मात्रेनेंहि ते मरतात.

(५) डोहांत विष, ब्लीचिंग पावडर किंवा सुरुंग टाकून मासे मारण्याचा प्रकार कोठें आढळल्यास गप्प बसूं नये. १८९७ च्या मत्स्य कायद्यापासूनच विष व स्फोटक यांचा असा वापर गुन्हा ठरलेला आहे. तेंच पाणी खालच्या वाडींतील माणसें व गुरें पितात.

राखलेल्या डोहाचा गुण पाहावयाचा असल्यास आपल्याच जिल्ह्यांत महाड तालुक्यांतील वाळण कोंड पाहावा. काळ नदीच्या या डोहांतील महसीर जातीचे मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी धरीत नाहीं. हा मासा इतरत्र विरळ झाला असतां तेथें मोठमोठे मासे निर्धास्त फिरतांना दिसतात. आमच्या डोक्यावर, घाटमाथ्यावरील वळवण येथें, टाटांच्या केंद्रांत याच माशाची बीजोत्पत्ति कित्येक दशकें चालूं आहे. एका ठिकाणीं श्रद्धेनें आणि दुसऱ्या ठिकाणीं शास्त्रानें तेंच काम होतें. प्रत्येक गांवानें ग्रामसभेंत ठराव करून एक डोह राखीव ठेविला, तर त्यास एक पैसाहि खर्च नाहीं.

रानडुकराचा माग

आतां रानाकडे वळूं. भात निसवल्यापासून कापणीपर्यंत, आणि वरकस जमिनींतील नाचणी-वरीच्या हंगामांत, रानडुकराचा उपद्रव सर्वांस ठाऊक आहे. जुने शिकारी प्रथम खुरांचा ठसा पाहात. डुकराचा ठसा बोथट असतो व चिखलांत पुढील दोन खुरांमागें दोन लहान ठिपके उमटतात; भेकराचा ठसा लहान व टोंकदार असतो. झाडाच्या बुंध्यास चिखल घासलेला दिसल्यास जवळच लोळण असते, आणि चिखलाच्या उंचीवरून जनावर केवढें तेंहि समजतें. ठशाच्या कडा धारदार व ओल्या असल्यास माग ताजा. कडा ढासळून आंत पाला पडला असल्यास शिळा.

डुकराची नजर मंद, पण नाक फार तीक्ष्ण. तें बहुधा ठराविक वाटेनेंच येतें. ही वाट बहुधा नाळीनें किंवा झुडपांच्या आडोशानें शेतांत शिरते. सकाळीं शेताच्या सर्व कडेनें फिरून ही शिरण्याची जागा शोधावी. सगळें शेत राखण्यापेक्षां ती जागा राखणें सोपें. राखणीचा माळा वारा शेताकडून रानाकडे वाहील अशा बाजूस असावा. माणसाचा वास लागतांच जनावर बिचकतें. डबे, उजेड, बुजगावणें यांची जागा दर तीन-चार दिवसांनीं बदलावी. एकाच जागीं ठेविल्यास डुकरास त्यांची सवय होते. पिलांबरोबरची मादी व जखमी डुक्कर अंगावर येतात, म्हणून त्यांस पळण्याची वाट नेहमीं मोकळी ठेवावी.

कुंपणाच्या तारेंत घरगुती विजेचा प्रवाह सोडणें हा तर सरळ गुन्हा असून त्यांत शेजारी, गुराखी आणि खुद्द मालकहि बळी पडतात. सौर कुंपणांतील झटका क्षणिक असतो. तें योग्य रीतीनें बसविल्यास जीव जात नाहीं. बंदुकीनें डुक्कर मारण्यास कायद्याच्या कलम ११ अन्वयें वन खात्याची लेखी परवानगी लागते. ती नसतां पिकाचें निमित्त चालत नाहीं.

नुकसान झाल्यास अर्ज त्याच दिवशीं, निदान तीन दिवसांच्या आंत, वन खात्याकडे द्यावा. पंचनाम्यापूर्वीं शेत साफ करूं नये. ठशांचीं व आडव्या झालेल्या पिकाचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. सात-बारावर पिकाची नोंद नसल्यास खरें नुकसानहि कागदावर सिद्ध होत नाहीं, हें मी कचेरींत अनेकदां पाहिलें आहे. ई-पीक पाहणी वेळेवर करणें ही देखील राखणच समजावी.

अंगाची काळजी

शिंगी माशाचा कांटा लागल्यास असह्य ठणका लागतो. तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यांत अर्धा तास ठेविल्यास वेदना पुष्कळ कमी होते. पुढें डॉक्टरांस दाखवावें. खेकड्याच्या बिळांत हात घालूं नये. तेथें साप असूं शकतो. सर्पदंश झाल्यास जखम कापणें किंवा चोखणें टाळून रोग्यास विनाविलंब रुग्णालयांत न्यावें. पायास जखम असतां चिखलांत उतरल्यास लेप्टोचा जंतु शरीरांत शिरतो. लावणीच्या किंवा वलगणीच्या दिवसांनंतर ताप येऊन पोटऱ्या दुखूं लागल्यास घरगुती काढ्यावर वेळ न घालवितां सरकारी दवाखान्यांत जावें, व आपण चिखलांत काम केल्याचें तेथें अवश्य सांगावें.

शेतकऱ्यास निराळें सांगणें नको कीं, सुगी कितीहि चांगली आली तरी बियाण्याचें धान्य तो बाजूस काढतो. नदीच्या बाबतींतहि तोच हिशेब आहे. येत्या मृगापूर्वीं आपल्या गांवचा राखीव डोह कोणता आणि वलगणीचा मोकळा ओहोळ कोणता, एवढें जरी ग्रामसभेनें ठरविलें, तरी पुढल्या पिढीस मासा चित्रांत दाखविण्याची पाळी येणार नाहीं.