भरतीची वेळ बघून निघा

सुट्टीत आम्ही गटातल्या बायका नवी मुंबईत सीवूड्सला गेलो होतो. एकीची मावसबहीण तिथे राहते. स्टेशनाला लागूनच मोठा मॉल आहे, पण ताई म्हणाल्या, “आधी रोहित पक्षी बघू. आज भरती दुपारी आहे, जेवून निघू.”

पक्षी बघायला भरती कशाला? ताईंनी समजावले. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो, तिथे रोहित चरतात. भरतीला चिखल पाण्याखाली जातो, मग थवे डीपीएस तळ्यावर विसाव्याला येतात. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. शेवाळ आणि बारीक जीव खाऊन त्यांना गुलाबी रंग येतो. नोव्हेंबर ते मे ते इथे दिसतात.

खाडीचे पाणी तळ्यात येण्याची वाट बुजली, की तळे सुकते आणि पक्षी फिरकत नाहीत. ती वाट मोकळी राहावी म्हणून तिथले रहिवासी धडपडतात.

आपल्या गावतळ्याचेही तसेच आहे ना? त्यात पाणी कुठून येते, ती वाट मोकळी आहे का, गटाने एकदा जाऊन बघू या.