सोलरवरची पिल्लं आणि राखणीचा कुत्रा
आमच्या शेतावर वीज नाही, फक्त सोलर. पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. १०० वॉटचा बल्ब १२ तास लावला की १.२ युनिट गेलं, म्हणजे १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची अख्खी बॅटरी एका रात्रीत खलास! म्हणून मी अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतो. २१ दिवसांत पिल्लं बाहेर, पुढची ऊब तिच्या पंखाखाली.

आता कुत्रा. मोठ्या कोंबड्यांना सरावला म्हणजे पिल्लांनाही सरावला, असं नसतं. एक झडप, की पिल्लू संपलं. प्रत्येक नव्या बॅचला पहिल्यापासून सुरुवात करा: मधे बारीक जाळी, कुत्रा साखळीला, शांत बसला की खाऊ. तुमचा मोती कितीही गुणी असो, पिल्लांजवळ एकटा सोडू नका.