छोट्या आगगाड्यांचे प्रदर्शन

महाबळेश्वराला आगगाडी येत नाही, कधी आलीही नाही. इंग्रजी अमदानीत थंड हवेसाठी येणारी मंडळी वाठार स्टेशनावर उतरत आणि तिथून टांग्याने वाईवरून, पसरणीचा घाट चढून वर येत. आजही आमच्या डोंगरावरच्या एखाद्या वाडीतल्या मुलाला आगगाडी पाहायची तर घाट उतरावा लागतो. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने आगगाडीच्या प्रतिकृतींवर चार शब्द सांगावेत याचे कोणाला नवल वाटेल. पण जिथे खरी गाडी नाही तिथेच छोट्या गाडीचे काम अधिक, असे मला वाटते.

प्रतिकृती म्हणजे चावीचे खेळणे नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. खऱ्या गाडीची प्रत्येक वस्तू एकाच प्रमाणात लहान करायची, हा यातला मूळ नियम. जगात सर्वांत रुळलेले प्रमाण आहे 87 ला 1. आपल्या प्रवासी गाडीचा डबा सुमारे 21 मीटर लांब असतो. तो या हिशेबाने सुमारे चोवीस सेंटिमीटरचा होतो. एक किलोमीटर रूळ टाकायचा म्हटला तर साडेअकरा मीटर जागा हवी. शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात फळ्यावर जरूर घालावे. प्रमाण आणि गुणोत्तर शिकवायला याहून गोड उदाहरण सापडणार नाही. गाडी चालते ती बारा व्होल्टच्या विजेवर. एका रुळातून वीज जाते, दुसऱ्यातून परत येते. तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी धावू लागते. रुळाला हात लागला तरी झटका बसत नाही. घरच्या विजेवरून हे बारा व्होल्ट करून देणारा डबा मात्र मुलांच्या हाती न लागेल असा मागे ठेवायचा आणि त्याच्याजवळ जाणत्या माणसाला बसवायचे.

आपल्या महाराष्ट्रात या छंदाचे नाव काढले की पुण्याच्या भाऊ जोशी यांचे नाव निघतेच. कोथरूडला कर्वे रस्त्यावर त्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. 1 एप्रिल 1998 रोजी ते लोकांसाठी उघडले. सिग्नल, पूल, दिवे लागलेले गाव आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या असा तो देखावा आहे. कोणत्याही शाळेची सहल पुण्याला जात असेल तर तिथे अर्धा तास काढावा. पण या संग्रहालयामागची एक गोष्ट आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. भाऊंनी आरंभी कायमचे संग्रहालय केले नव्हते. त्यांनी आधी प्रदर्शने भरवली, एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येईल असा देखावाही उभा केला. पण तो सोडायचा, गाडीत घालायचा, पुन्हा जोडायचा यात इतका त्रास झाला, की शेवटी त्यांनी एका जागी कायमचे मांडायचे ठरवले. भाऊंसारख्या चिकाटीच्या माणसालाही फिरते प्रदर्शन जड गेले, मग तालुक्याच्या गावातल्या चार हौशी मंडळींची काय कथा? तेव्हा प्रश्न असा आहे, की ज्याच्याजवळ कारखाना नाही, मोठी जागा नाही, त्याने आपली छोटी गाडी लोकांना दाखवायची कशी?

खर्च कुठे होतो ते पाहू. पहिला खर्च इंजिनाचा. चांगले इंजिन बहुधा परदेशातून येते. खेळण्यांवरची आयात जकात 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाली आणि 2023 साली 70 टक्के. देशी खेळण्यांच्या धंद्याला त्याने आधार दिला असेल, पण प्रतिकृतीच्या हौशी माणसाच्या खिशाला तो भारच. दुसरा खर्च सभागृहाचा. हंगामात आमच्याकडे सभागृहाचे भाडे ऐकूनच माणूस परत फिरतो. तिसरा खर्च ने-आणीचा. टेंपो, हमाल, मोडतोड. हे सगळे तिकिटावर पडते आणि तिकीट वाढले की ज्याच्यासाठी प्रदर्शन मांडायचे तोच दाराबाहेर राहतो. दुसऱ्या देशांतही हेच दुखणे आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ वॉर्ली नावाच्या क्लबाचे एक अवाढव्य वार्षिक प्रदर्शन भरत असे. 2023 चे प्रदर्शन शेवटचे ठरले. एवढा पसारा ओढायला माणसे मिळेनाशी झाली.

यावर तोड काय? मला विचाराल तर मोठ्या प्रदर्शनाची हाव सोडावी. त्याऐवजी फळीचा मार्ग धरावा. अमेरिकेत आणि जपानात हौशी लोकांनी तो फार पूर्वीच धरला आहे. प्रत्येकाने घरी एकच फळी करायची. समजा नव्वद सेंटिमीटर लांब आणि तीस रुंद. त्या फळीवर रूळ आणि आपल्या मनातला देखावा. एकाने पूल करावा, एकाने उसाचे शेत, एकाने फाटक आणि फाटकापाशी खोळंबलेली बैलगाडी. अट एवढीच, की फळीच्या दोन्ही कडांना रूळ ठरलेल्या जागी यावा, ठरलेल्या उंचीवर यावा आणि तारेचा जोड सर्वांचा एकसारखा असावा. प्रदर्शनाच्या सकाळी फळ्या शेजारी शेजारी ठेवून जोडल्या, की दहा घरांची मिळून नऊ मीटरची वाट तयार. 87 च्या हिशेबाने ती जेमतेम पाऊण किलोमीटर भरते, पण पाहणाऱ्याला तो एक प्रांत वाटतो! अशी फळी चादरीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन जाता येते. टेंपो गेला, हमाल गेला. मोडली तर एकाची मोडते; बाकीच्या नऊ जोडून गाडी चालू राहते.

आता तुम्ही म्हणाल, फळीवरचा देखावा करायला कलावंत कुठून आणायचे? अहो, ते आपल्या अंगणातच आहेत. सातारा जिल्ह्यात दिवाळीला किल्ला न करणारे मूल शोधून काढावे लागेल. दगड रचून वर माती लिंपायची, बुरूज काढायचे, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, पायवाटेवर मावळे उभे करायचे. हे सगळे जो करतो त्याला डोंगर, बोगदा आणि घाट करायला वेगळे काय शिकवायचे? गणपतीत हलते देखावे करणारी मंडळीही आहेत. एक छोटी मोटर आणि दोरा यांवर काय काय हलवता येते हे त्यांना आपल्याहून अधिक कळते. परदेशी कारखान्याची झाडे पुडीत विकत घेण्यापेक्षा रंगवलेला भुसा, वाळवलेली चहाची पावडर आणि घायपाताचा काथ्या घ्यावा. आमच्या लाल मातीसाठी तर दुकानात जायचेच कारण नाही. दिवाळीच्या किल्ल्याची मला आवडणारी गोष्ट ही, की तो ओसरीवर असतो. त्याला तिकीट नाही, दोरी नाही. वाटसरू थांबतो, करणाऱ्या पोराला चार प्रश्न विचारतो आणि ते पोर फुशारून उत्तरे देते. छोट्या गाडीच्या प्रदर्शनाला हीच चाल लावता आली पाहिजे.

जागेचा प्रश्नही मला तितका अवघड वाटत नाही. महाबळेश्वर तालुक्यातलेच भिलार घ्या. मे 2017 मध्ये ते पुस्तकांचे गाव झाले. त्यासाठी एखादे टोलेजंग ग्रंथालय बांधले नाही. लोकांनी आपल्या घरांतल्या खोल्या दिल्या, त्यांत पुस्तकांची कपाटे आली आणि कोणीही जाऊन वाचत बसावे अशी सोय झाली. एका घरात कथा, दुसऱ्यात इतिहास. प्रदर्शन असेच घराघरांत का वाटू नये? एका पडवीत पूल, पुढच्या शाळेच्या खोलीत स्टेशन, देवळाच्या ओवरीत जुन्या कंदिलांची आणि तिकिटांची मांडणी. किंवा सरळ शनिवार-रविवारी प्राथमिक शाळेच्या दोन खोल्या मागून घ्याव्यात. शाळेचे बाक ही तर आयती मेजे. त्यांची उंचीही मुलांच्या डोळ्यांना बरोबर. मोठ्यांच्या छातीइतक्या उंचीवर देखावा मांडतात आणि मुलांना टाचा उंच करायला लावतात, हे मी एका शहरातल्या प्रदर्शनात पाहिले आहे. तिथे पाच-पाच पावलांवर ‘हात लावू नये’ अशी पाटी होती आणि गाडीचा मालक पाहुण्यांकडे पाठ करून मित्रांशी गप्पा मारत होता. असल्या ठिकाणी मूल पुन्हा येत नाही.

हात लावू नये हे खरेच, पण मग हात लावायला काहीतरी द्या ना! एक फळी अशी ठेवावी, की तिच्यावरची गाडी येणाऱ्याने स्वतः चालवावी. बटण फिरवले की गाडी हळू, फिरवले की जोरात. सांधा बदलला की दुसऱ्या रुळावर. त्या फळीवर स्वस्त देशी गाडी असावी, पडली तर पडली. बॅटरीवरची खेळण्यातली गाडी घेऊन एखादा मुलगा आला तर तिलाही रूळ द्यावा. ‘ही खरी प्रतिकृती नव्हे’ असे म्हणून हसू नये. या छंदात शिष्टपणा फार लवकर शिरतो. कोणाचे इंजिन जर्मनीचे, कोणाच्या गाडीत संगणकाची चिप, आणि नवख्याला वाटते की आपला इथे पाड लागणार नाही. खरे तर आपल्या मोठ्या रेल्वेची 87 ला 1 ची प्रतिकृती बाजारच्या रुळावर चालवणारे सगळेच थोडे चुकलेले असतात. आपला ब्रॉड गेज 1,676 मिलिमीटरचा, म्हणजे प्रतिकृतीत तो सव्वाएकोणीस मिलिमीटर यायला हवा. बाजारातला रूळ साडेसोळाचा, युरोपच्या मापाचा. तेव्हा शुद्धतेचा अभिमान कोणी फार धरू नये.

तिकिटाविषयी एक दूरची गोष्ट सांगतो. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात 2001 साली सुरू झालेले छोट्या रेल्वेचे एक प्रचंड प्रदर्शन आहे, जगभरची माणसे तिथे येतात. जानेवारीतले काही दिवस तिथे असा रिवाज ठेवला आहे, की ज्याला तिकीट परवडत नाही त्याने खिडकीवर तसे सांगावे आणि फुकट आत जावे. दाखला मागत नाहीत, चौकशी करत नाहीत. आपल्याकडे शाळेच्या मुलांना फुकट आणि बाकीच्यांसाठी दाराशी एक डबा, एवढे पुरे. डब्यातल्या पैशांतून आधी फळी घेऊन आलेल्यांचे एसटीचे भाडे आणि जेवण निघावे. जो पदरचे घालून दाखवायला येतो, त्याच्याकडूनच प्रवेशाचे पैसे घेणे मला बरे वाटत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. एवढी खटपट कशासाठी? केवळ मुलांच्या मौजेसाठी म्हटले तरी चालेल. पण आपल्या सातारा-सांगली भागात याहून निकडीचे एक कारण आहे. मिरज स्टेशन आठवा. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी 1897 साली बार्शीला सुरू झाली, पंढरपूरवरून वाढत वाढत 1927 साली मिरजेला पोचली. पुण्याकडून येणारा रूळ मीटर गेज होता. 1970 च्या सुमारास तो रुंद झाला. त्यानंतर बरीच वर्षे मिरजेत तिन्ही मापांचे रूळ एकाच वेळी नांदत होते. एका स्टेशनात तीन घराणी! पुढे मीटर गेज गेला, मग पंढरपूरची छोटी गाडीही गेली. ज्या गाडीने आषाढीला वारकरी नेले तिचा आज तिथे रूळ उरला नाही. ती चालवणारे, तिला झेंडी दाखवणारे, सांधे बदलणारे लोक आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. स्टेशनमास्तरच्या खोलीत टोकनचा गोळा कसा निघे, तो ड्रायव्हरच्या हाती कसा देत, यात्रेच्या दिवसांत गर्दी कशी आवरत, हे त्यांना ठाऊक आहे आणि बहुधा कोणी त्यांना विचारलेले नाही.

गंमत अशी, की हीच छोटी गाडी प्रतिकृतीला सर्वांत स्वस्त पडते. अडीच फुटांचे, म्हणजे 762 मिलिमीटरचे 87 ने भागाकार केले तर पावणेनऊ येतात. बाजारात नऊ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो. छोट्या गाडीला वळणही लहान चालते. कमी जागा, कमी खर्च. कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअराने खरी बार्शी लाइन अडीच फुटी बांधली ती याच हिशेबाने. डबे पुठ्ठ्याचे होतात. ज्या माध्यमिक शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे तिथे बहुधा त्रिमिती छपाईचे यंत्रही असते. त्यावर चाकांच्या चौकटी आणि सिग्नलचे हात काढता येतील. मापे कुठून घ्यायची? निवृत्त माणसांकडून, त्यांच्या घरातल्या फोटोंवरून.

म्हणून माझी सूचना अशी. येत्या प्रदर्शनात एक खुर्ची फळ्यांच्या मागे नव्हे, पुढे ठेवावी. तिच्यावर एखाद्या जुन्या गार्डला किंवा सांधेवाल्याला बसवावे, चहा द्यावा आणि सातवी-आठवीच्या दोन मुलांना वही घेऊन त्यांच्याजवळ बसवावे. ‘फलाट इकडे नव्हता, पलीकडे होता,’ असे ते म्हणाले तर फळी तिथल्या तिथे दुरुस्त करायला थोडी माती आणि डिंक हाताशी असू द्या. फळ्यांचे लाकूड पावसाळ्याआधी दोन्ही बाजूंनी रंगवून घ्या. आमच्याकडच्या पावसात प्लायवूड फुगते, कडा वर येतात आणि मग ठरलेल्या जागचा रूळ शेजाऱ्याच्या रुळाला भेटत नाही.