थकीत घरपट्टीच्या नोटिसांची सामूहिक टपाल बजावणी : मुळशी तालुक्याच्या संदर्भात

बीजसंज्ञा : घरपट्टी, मागणी नोटीस, बजावणी, नमुना 9, पिन कोड, थकबाकी

प्रस्तावना

घरपट्टी हा ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा प्रमुख स्रोत होय. नळयोजनेचे वीजबिल, दिवाबत्ती आणि कचऱ्याची गाडी यांचा बराचसा भार याच उत्पन्नावर पडतो. तथापि थकबाकीची चर्चा बहुधा नागरिकांच्या अनास्थेपाशी येऊन थांबते. थकबाकीदाराच्या हाती नोटीस पोहोचली होती काय, हा त्याआधीचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार मुळशी तालुक्याच्या संदर्भात केला आहे.

मुळशी म्हटले की 1921 चा सत्याग्रह आणि सेनापती बापट यांचे स्मरण होते. आजचा तालुका मात्र दोन भिन्न तोंडे असलेला आहे. पूर्वेस हिंजवडी, माण, मारुंजी, भूगाव, पिरंगुट ही झपाट्याने नागरी झालेली गावे आहेत. पश्चिमेस धरणाचा परिसर आणि ताम्हिणीचा घाट आहे. पूर्वेकडील सदनिकेत भाडेकरू राहतो आणि मालक अन्य शहरात असतो. पश्चिमेकडील बंगल्यास वर्षातील बहुतेक दिवस कुलूप असते. दोन्ही ठिकाणी ग्रामपंचायतीचा शिपाई दारापर्यंत जातो खरा, परंतु करदाता त्याला भेटत नाही.

कायद्याची चौकट

1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम 129 मध्ये वसुलीचा क्रम स्पष्ट आहे. प्रथम देयक द्यावयाचे आणि त्यावर भरणा करण्याची अंतिम तारीख नमूद करावयाची. त्या तारखेपर्यंत रक्कम न आल्यास मागणी नोटीस बजावावयाची. नोटीस बजावल्यापासून 30 दिवसांत भरणा न झाल्यास जंगम मालमत्तेची अटकावणी व विक्री करता येते.

बजावणीचे मार्गही याच कलमात दिलेले आहेत. कागद प्रत्यक्ष व्यक्तीच्या हाती द्यावा. ती न भेटल्यास गावाच्या हद्दीतील तिच्या अखेरच्या ज्ञात निवासस्थानी ठेवावा, अथवा कुटुंबातील प्रौढ व्यक्तीकडे वा नोकराकडे द्यावा. व्यक्ती गावाबाहेर राहत असून तिचा पत्ता ज्ञात असेल तर तो नोंदणीकृत टपालाने पाठवावा. यांपैकी काहीच शक्य नसेल तरच तो मिळकतीवर ठळक जागी चिकटवावा. म्हणजे बंद बंगल्याच्या फाटकावर नोटीस चिकटवणे हा अखेरचा मार्ग आहे. मालकाचा पुण्यातील पत्ता दप्तरात असताना फाटकाचा आश्रय घेणे सोयीचे असेल, पण कायद्याला ते अभिप्रेत नाही.

टपालखर्च वाचविण्यासाठी देयक आणि मागणी नोटीस एकाच पाकिटात घालण्याचा मोह होऊ शकतो. असे केल्यास देयकावरील मुदत संपण्यापूर्वीच नोटीस निघते आणि पुढील सर्व कारवाईचा पाया डळमळतो. प्रक्रिया सुटसुटीत करावयाची ती या दोन टप्प्यांच्या आत. टप्पे एकत्र करून नव्हे.

पत्ता हीच खरी अडचण

कर आकारणीची नोंद नमुना 8 मध्ये, मागणीची नोंद नमुना 9 मध्ये आणि पावती नमुना 10 वर, ही मांडणी मूलतः गावातच राहणाऱ्या करदात्यासाठी सोयीची आहे. मिळकत क्रमांक व मालकाचे नाव एवढ्यावर शिपायाचे काम भागते. टपाल खात्याचे भागत नाही. म्हणून नोटिसा छापण्यापूर्वी नमुना 9 च्या संगणकीय यादीस पत्रव्यवहाराचा पत्ता, पिन कोड आणि पत्ता शेवटी पडताळल्याची तारीख असे तीन स्वतंत्र रकाने जोडणे आवश्यक ठरते. पत्ता मिळविण्याची सर्वांत स्वाभाविक वेळ म्हणजे मिळकतीची नोंद नव्या मालकाच्या नावे होण्याची वेळ. त्या दिवशी मालक स्वतः कार्यालयात आलेला असतो.

पिन कोडचे महत्त्व येथे विशेष आहे. ही पद्धती 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे जाणकार कवी होते, हे अनेकांस ठाऊक नसते. सहा अंकांपैकी पहिले तीन अंक वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात. यादी पिन कोडनुसार लावूनच छपाई केली की 411 ने सुरू होणारी पुणे शहराची आणि 400 ने सुरू होणारी मुंबईची पाकिटे आपोआप वेगळी होतात. शेकडो पाकिटे टेबलावर पसरून हाताने गठ्ठे लावण्याचे काम त्यामुळे उरत नाही. महाराष्ट्राबाहेरील पाकिटांवर मात्र पत्ता रोमन वा हिंदीत छापणे इष्ट. बंगळुरूच्या पोस्टमनकडून मराठी वाचनाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

छपाई, पाकीट आणि पोच

संगणकीय यादीतील नाव, पत्ता व रक्कम नोटिशीच्या एकाच मसुद्यात आपोआप भरण्याची मेल मर्ज ही सोय सामान्य संगणकातही असते. तीसोबत खिडकीचे पाकीट वापरल्यास पत्ता नोटिशीवरच एकदा छापला जातो आणि तोच पाकिटातून दिसतो. एकाची नोटीस दुसऱ्याच्या पाकिटात जाण्याची चूक यामुळे टळते, आणि सर्वांत महाग पडणारी चूक हीच. 80 जीएसएमचा ए-4 कागद सुमारे 5 ग्रॅम भरतो. त्यामुळे नोटीस आणि भरण्याच्या माहितीचा आणखी एक कागद पाकिटासह 50 ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात सहज बसतो.

टपाल खात्याने 2025 मध्ये स्वतंत्र रजिस्टर पोस्टची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. स्पीड पोस्ट मूलतः पत्त्यावर दिले जाते, तर रजिस्टर पोस्ट विशिष्ट व्यक्तीच्या हाती दिले जात असे. अधिनियमात 'नोंदणीकृत टपाल' असे शब्द असल्याने स्पीड पोस्टसोबत 'नोंदणी' ही जोडसेवा मागून घेणे कार्यालयाच्या हिताचे आहे. पाठविलेल्या वस्तूंच्या यादीत प्रत्येक टपाल क्रमांकासमोर मिळकत क्रमांक लिहिलेला असावा. अन्यथा सहा महिन्यांनी कोणती पोच कोणाची, हे शोधण्यातच दिवस जातो. मोबाईलवरील संदेश स्मरणपत्र म्हणून उपयोगी आहे. कलम 129 मध्ये दिलेल्या मार्गांची जागा तो घेऊ शकत नाही.

वेळापत्रक हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. वसुलीची धावपळ मार्चमध्ये सुरू होते. परंतु 30 दिवसांची मुदत 31 मार्चपूर्वी संपावयाची असेल, तर नोटीस फेब्रुवारीअखेर हाती पडली पाहिजे आणि त्यासाठी ती फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी टपालात पडली पाहिजे. मार्चमध्ये पाठविलेली नोटीस ही प्रत्यक्षात पुढील आर्थिक वर्षाची नोटीस असते. राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरणे ठेवताना पाठवावयाच्या नोटिसांचे दिवसही असेच उलटे मोजावे लागतात.

परत आलेली पाकिटे

'घर बंद', 'पत्ता अपूर्ण', 'घेण्यास नकार' हे तीन शेरे एकाच गठ्ठ्यात बांधून ठेवणे चुकीचे आहे, कारण तिन्हींचे परिणाम वेगळे आहेत. नकाराचे पाकीट न फोडता धारिकेत ठेवावे. तो बजावणीचा पुरावा ठरू शकतो. अपूर्ण पत्ता हा कार्यालयाचा दोष असून तो यादीत दुरुस्त करावयाचा असतो. घर बंद असल्यास पुन्हा प्रयत्न करावा. त्यानंतर मिळकतीवर नोटीस चिकटवून पंचनामा करावा. म्हाळुंगे, सूस व बावधन बुद्रुक ही गावे 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेली. तेथील मिळकती शेजारच्या ग्रामपंचायतीच्या यादीत चुकून राहिल्या नाहीत ना, हेही याच वेळी पाहावे.

गावातच राहणाऱ्यांच्या बाबतीत पोचेची शिथिलता चालते, असा एक समज आहे. तो किती महाग पडू शकतो हे कलम 14 वरून दिसते. रीतसर देयक बजावून कराची मागणी केल्यापासून तीन महिन्यांत भरणा न करणारी व्यक्ती ग्रामपंचायतीची सदस्य राहण्यास अपात्र ठरते. अशा वादात थकबाकी किती, यापेक्षा देयक कोणत्या तारखेस आणि कोणाच्या हाती दिले, हेच प्रथम तपासावे लागते. आणि त्याचे उत्तर शिपायाने घेतलेल्या स्वाक्षरीत आणि त्या स्वाक्षरीखालील तारखेत असते.