एका भोकासाठी किती ज्यूल?

कागदाच्या लक्ष्याला भोक पाडायला फार काही लागत नाही. ऑलिंपिकमधली १० मीटर एअर रायफल हवेच्या दाबावर जो शिशाचा छर्रा सोडते, त्याचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम असतं आणि त्याच्यात ऊर्जा असते साडेसात ज्यूलच्या आसपास. तेवढ्यात कागदाला स्वच्छ, गोल भोक पडतं. शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या .३०८ विंचेस्टर काडतुसाची गोळी नळीबाहेर पडते तेव्हा तिच्यात साडेतीन हजार ज्यूल असतात. म्हणजे सुमारे ४७० पट! भोक सव्वातीन मिलिमीटरने मोठं पडतं, एवढाच फरक. गुण तेच.

मग या जादा ज्यूलांची किंमत कोण मोजतं? नेमबाजाचा खांदा, त्याचे कान, त्याचं पाकीट आणि लक्ष्यामागचा मातीचा बांध. अमेरिकेत सुटीच्या दिवशी मौजेखातर नेमबाजी करणाऱ्यांपैकी अनेकांनी यावर एक मधला मार्ग काढला आहे: पिस्तुलाचं काडतूस चालणारी रायफल. दोन्ही हातांनी धरायची, खांद्याला टेकवायची, पण आत भरायचं ते पिस्तुलातलंच ९ मिलिमीटरचं काडतूस. हा निर्णय आवडीनिवडीचा वाटतो, पण खरं तर तो आकड्यांचा आहे, आणि ते आकडे चक्रावून टाकणारे आहेत.

दोन काडतुसं शेजारी ठेवून बघा. ९ मिमीचं काडतूस उंचीला तीन सेंटिमीटरही भरत नाही. त्याची पितळी पुंगळी १९ मिलिमीटरची, तिच्या बुडाशी मध्यभागी चापाचा ठोका झेलणारी छोटी टोपी आणि तोंडाशी तांब्याचं वेष्टन असलेली साडेसात ग्रॅमची गोळी. सगळं मिळून वजन १२ ग्रॅम. आतली दारू काढून तळहातावर घेतली तर चिमूटभरही होत नाही, ०.३५ ग्रॅमच्या आसपास. .३०८चं काडतूस सात सेंटिमीटर उंच असतं, वजन दुप्पट आणि दारू जवळपास तीन ग्रॅम. एक किलो दारूत .३०८ची साडेतीनशे काडतुसं होतील, तर ९ मिमीची २,८०० च्या वर. अमेरिकी बाजारात साधं ९ मिमी काडतूस साधारण पाव डॉलरला पडतं आणि .३०८ त्याच्या तिप्पट-चौपट. दुपारभरात दोनशे बार काढणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो.

पण काडतूस छोटं म्हणून आत घडणारी गोष्ट छोटी असते असं मात्र नाही. माझ्या मते या विषयातला सर्वांत थक्क करणारा भाग हाच. चाप ओढला, टोपी पेटली आणि त्या चिमूटभर दारूचा वायू झाला की पुंगळीच्या आत दाब चढतो तो दर चौरस इंचाला ३५,००० पौंडांपर्यंत. मारियाना गर्तेच्या तळाशी, समुद्राखाली जवळपास ११ किलोमीटरवर, पाण्याचा दाब भरतो सुमारे १६,००० पौंड. पृथ्वीवरच्या सर्वांत खोल समुद्रतळाच्या दुपटीहून अधिक दाब, आणि तो करंगळीच्या टोकाएवढ्या पितळी पुंगळीत!

हा दाब गोळीला ४० सेंटिमीटरच्या नळीतून ढकलतो. शून्यापासून सेकंदाला ४०० मीटर वेग गाठायला तिला मिळतात हेच ४० सेंटिमीटर. हिशेब केला तर सरासरी प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या २०,००० पट निघतो. अवकाशात झेपावताना अंतराळवीर तीन-चार पट सोसतात, त्यावरून अंदाज यावा. या सगळ्याला वेळ लागतो सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडा जास्त. त्या क्षणापुरती ती चिमूटभर दारू जवळपास ६०० अश्वशक्ती देत असते. नळीच्या आतल्या पीळदार खाचा गोळीला दर दहा इंचांना एक फेरा देतात, म्हणून बाहेर पडताना ती मिनिटाला ९४,००० फेरे या गतीने स्वतःभोवती फिरत असते. त्या फिरण्यामुळेच तिचं नाक सरळ राहतं.

आता नळीच्या लांबीकडे येऊ, कारण रायफल घेण्याचं पहिलं कारण तिथेच दडलेलं आहे. पिस्तुलाच्या नळीतून, म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटरमधून, हीच गोळी सेकंदाला ३६० मीटरने निघते. रायफलच्या नळीत वायूला तिला ढकलायला जास्त वाव मिळतो आणि वेग ४०० वर जातो. वेग ११ टक्क्यांनी वाढला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ४८० ज्यूलचे ६०० होतात. काडतूस तेच, खर्च तोच. .३५७ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात हा फरक आणखी डोळ्यांत भरतो. चार इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून त्याची दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास जाते आणि लिव्हरवाल्या, म्हणजे चापाखालचा दांडा ओढून पुढचं काडतूस भरायच्या, रायफलमधून ५४० मीटरच्या आसपास. ऊर्जा थेट दुप्पट. कारण साधं आहे. या काडतुसात सावकाश जळणारी दारू भरपूर असते आणि आखूड नळीत ती पुरती कामी येण्याआधीच गोळी बाहेर पडलेली असते. शिवाय रिव्हॉल्व्हरचं चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून थोडा वायू वाया जातो.

अमेरिकेत अशा बहुतेक रायफलींची नळी १६ इंचांची किंवा किंचित जास्त असते, याला कायदाही कारणीभूत आहे. १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार तिथे यापेक्षा आखूड नळीच्या रायफलीची वेगळी नोंदणी करावी लागते. योगायोग असा की ९ मिमीच्या दारूची ताकद साधारण याच लांबीपर्यंत संपत येते. नळी आणखी वाढवली तर वेग फारसा वाढत नाही.

धक्क्याचं गणित मी मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण नवखा माणूस याच एका गोष्टीमुळे नेमबाजी सोडतो. गोळी जितक्या संवेगाने पुढे जाते तितक्याच संवेगाने बंदूक मागे येते, ही न्यूटनची देणगी. तीन किलोच्या ९ मिमी रायफलीचा मागचा धक्का भरतो दोन ज्यूलच्याही आत. तेच काडतूस ७०० ग्रॅमच्या पिस्तुलात घातलं की साडेसहा ज्यूल, कारण बंदूक जितकी हलकी तितक्या जोरात ती मागे येते. आणि साडेतीन किलोच्या .३०८ रायफलीत सुमारे २२ ज्यूल, म्हणजे बारा पट. पाचव्या-सहाव्या बारानंतर माणूस धक्क्याच्या धसक्याने चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो, खांदा आखडतो आणि गोळ्या खाली जाऊ लागतात. ही सवय एकदा लागली की सुटायला महिने जातात. दोन ज्यूलच्या धक्क्यात ती सहसा लागत नाही.

नेम धरण्यातही रायफल पिस्तुलाला मागे टाकते, आणि तेही शुद्ध भूमितीच्या जोरावर. पिस्तुलावर पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर असतं साधारण १६ सेंटिमीटर. रायफलीवर ते ४० सेंटिमीटर सहज मिळतं. दोन्हींच्या जुळणीत एक मिलिमीटरची चूक झाली, तर २५ मीटरवर पिस्तुलाची गोळी १५ सेंटिमीटरहून जास्त भरकटते, रायफलीची सहा. हात तोच, डोळा तोच, काडतूसही तेच. त्यात रायफलीला खांद्याचा, गालाचा आणि दोन्ही हातांचा आधार असतो, तो वेगळा.

एकाच काडतुसावर दोन शस्त्रं चालवण्याची कल्पना मात्र जुनी आहे. १८७३मध्ये विंचेस्टर कंपनीने .४४-४० काडतुसावर चालणारी लिव्हर रायफल आणली. पुढे काही वर्षांत कोल्टने आपलं रिव्हॉल्व्हरही त्याच काडतुसासाठी काढलं. कमरेच्या एकाच पट्ट्यातली काडतुसं दोन्हींत चालू लागली. दुकान शेकडो मैलांवर असलेल्या घोडेस्वाराला याचं मोल काय असेल ते सांगायला नको. त्या मॉडेलच्या रायफली बनल्या सात लाख वीस हजारांच्या घरात. आजही अमेरिकेत जुन्या पद्धतीच्या पोशाखात खेळल्या जाणाऱ्या ‘काउबॉय’ नेमबाजीच्या मुख्य सामन्यात रायफल पिस्तुलाच्याच काडतुसाची लागते. आपल्याला परिचित ९ मिमी काडतूस त्यानंतरचं, १९०२च्या सुमारास जर्मनीत गेऑर्ग लुगर यांनी तयार केलेलं.

ब्रिटनमध्ये या रायफलींना वेगळ्या आणि दुःखद कारणाने मागणी आली. १९९६मध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेन गावातल्या शाळेत एका माणसाने पिस्तुलांनी १६ मुलांचा आणि त्यांच्या शिक्षिकेचा जीव घेतला. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि खासगी पिस्तुलं जवळपास पूर्ण बंद झाली. लोकांनी १,६२,००० च्या आसपास पिस्तुलं सरकारजमा केली. पिस्तूल नेमबाजीचे क्लब मागे उरले, आणि त्यांच्या छोट्या पल्ल्याच्या रेंजेसही. .३५७ आणि .३८ काडतुसांच्या लिव्हर रायफलींना या जागांमध्ये घर मिळालं. तिथे या प्रकाराला गॅलरी रायफल म्हणतात.

रेंजची मर्यादा अमेरिकेतही आहे. अनेक बंदिस्त रेंजेस फक्त पिस्तुलाची काडतुसं चालू देतात, कारण मागची पोलादी भिंत तेवढ्याच ऊर्जेसाठी बांधलेली असते. पोलादी लक्ष्यांचंही तसंच. कठीण पोलादाच्या पट्टीवर ९ मिमीची गोळी दहा यार्डांवरूनही मारता येते, मोठ्या रायफलीला १०० यार्ड मागे जावं लागतं. जवळून मारलं तर पट्टीला खळगा पडतो आणि तुकडे उलट उडतात. टण्ण असा आवाज लगेच कानावर यावा, याचीच मौज वाटणाऱ्याला नव्वद यार्डांचा हा फरक पुरेसा आहे.

आवाजाचं मोजमाप फसवं असतं. पिस्तुलातून ९ मिमीचा बार सुमारे १६० डेसिबलचा, आणि कानाला कायमची इजा होण्याची सीमा धरली जाते १४० डेसिबल. आकड्यांत फरक वीसचा दिसतो, पण डेसिबलची मोजपट्टी दर दहाला दहापट वाढते, म्हणजे ध्वनीची तीव्रता शंभरपट. लांब नळीत वायू थोडा निवतो, त्यामुळे रायफलीतून हा आवाज कमी बसतो. जड, साडेनऊ ग्रॅमची गोळी वापरली तर ती ध्वनीपेक्षा सावकाश, सेकंदाला ३०० मीटरने जाते आणि हवा फाटल्याचा कडाकाही येत नाही. तरीही कानांवर मफ्स हवेतच, यात तडजोड नाही.

या रायफलीची मर्यादाही आकड्यांतच आहे. ९ मिमीची गोळी १०० मीटरला पोहोचेपर्यंत नळीच्या रेषेपासून ४० सेंटिमीटर खाली आलेली असते, २०० मीटरला दोन मीटर. .३०८ तिथे ३० सेंटिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे शंभर मीटरच्या पुढे ज्याला खेळायचं आहे त्याने हिच्या वाटेला जाऊ नये. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. नेम लागत नाही म्हणून गोळी थांबत नाही. ९ मिमीची गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, आणि त्याहून कितीतरी दुबळ्या .२२ काडतुसांच्या खोक्यावरही दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो. मागे भक्कम बांध नसेल तर तिथे चाप ओढायचाच नाही.

भारतात ९ मिमी हे प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य नागरिकाला त्याचा परवाना सहसा मिळत नाही. पण पिस्तुलात आणि रायफलीत एकच काडतूस, हा प्रकार आपल्याकडेही आहे, आणि तो कोल्हापूरने जगाला दाखवला आहे. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं. तेजस्विनी सावंतने २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन (पालथं झोपून) रायफलीत ६०० पैकी ५९७ गुण करून विश्वविजेतेपद मिळवलं आणि विश्वविक्रमाशी बरोबरी साधली. दोघींच्या हातात शस्त्रं वेगळी होती, काडतूस मात्र एकच: .२२ लाँग रायफल, १८८७पासून चालत आलेलं, अडीच ग्रॅमच्या गोळीचं आणि जेमतेम दीडशे ज्यूलचं.

याच काडतुसावर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य जिंकलं. अंतिम फेरीतल्या ४४ बारांत त्याचे गुण झाले ४५१.४, म्हणजे सरासरी १०.२६. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, आणि १०.२६ म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून साधारण सहा मिलिमीटरवर. ५० मीटरवर सहा मिलिमीटर चुकायचं, तर ७० सेंटिमीटरच्या नळीचं तोंड किती हललेलं असेल? मिलिमीटरचा बारावा भाग. डोक्यावरच्या केसाची जाडी जवळपास तेवढीच असते. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून, ४४ वेळा. इतक्या अचूकतेला दीडशे ज्यूल पुरले.

म्हणून माझं मत सांगतो. पन्नास मीटरच्या आत कागदावर किंवा पोलादावर मौजेने नेम धरायचा असेल, तर लहान काडतुसाची रायफलच घ्यावी. जिथे कायदा मोकळीक देतो तिथे ९ मिमी, आपल्याकडे .२२. आणि शिकायचं असेल तर आधी विकत काहीच घेऊ नका. कोल्हापूरची दुधाळी, पुण्याचं बालेवाडी, मुंबईत वरळी, किंवा तुमच्या जिल्ह्यातल्या रायफल क्लबची रेंज गाठा, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली एअर रायफलपासून सुरुवात करा, आणि पहिला बार काढण्याआधी कानांवर मफ्स नीट बसलेत ना ते बघा.