युझनेटवर नव्याने येताना

इंटरनेटवर पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला रीतभात शिकवण्याची जेवढी काळजी युझनेट या चर्चागटांच्या जाळ्याने घेतली, तेवढी नंतर कोणीच घेतली नाही, असं माझं ठाम मत आहे. 'न्यूज.अनाउन्स.न्यूयूजर्स' हा अख्खा न्यूजग्रुप, म्हणजे चर्चागट, तिथे नवख्यांसाठी राखलेला होता. त्यात गप्पा चालत नसत. प्रश्न कुठे विचारावा, विषयाची ओळ कशी लिहावी, वाद झाला तर काय करावं, हे सांगणारे लेख ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा टाकले जात. मोठ्या गटांच्या स्वतःच्या प्रश्नोत्तरांच्या याद्याही असत, आणि त्या वाचून मगच तोंड उघडावं अशी अपेक्षा असे.

हे नियम शिष्टपणातून आलेले नव्हते. 1979 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना युझनेटची कल्पना सुचली, तेव्हा संदेश साध्या टेलिफोन लाइनवरून जात. मध्यवर्ती सर्व्हर नव्हताच. एक संगणक दुसऱ्याला फोन लावी, साठलेले संदेश देई, त्याच्याकडचे घेई. मग दुसरा तिसऱ्याला. दर कमी म्हणून हे फोन बरेचदा रात्री लागत. एखाद्या ठिकाणी उत्तर आधी पोचे आणि प्रश्न मागाहून. म्हणून मूळ संदेशातल्या हव्या तेवढ्याच ओळी, प्रत्येकीच्या सुरुवातीला कोनाची खूण टाकून, वर घ्यायच्या आणि त्यांच्याखाली आपलं म्हणणं लिहायचं, अशी पद्धत पडली. अख्खा संदेश पुन्हा डकवला, तर वाढीव बिल भलत्याच संस्थेला पडायचं. पुढे पर्ल ही संगणकभाषा रचणाऱ्या लॅरी वॉलने 'आरएन' नावाचा वाचनाचा प्रोग्राम लिहिला होता. त्यातून संदेश पाठवायला गेलं की आधी विचारणा होई: हा मजकूर हजारो संगणकांवर जाणार, त्याचा खर्च पडणार, नक्की पाठवायचा ना? आजच्या प्रत्येक ॲपमध्ये हा प्रश्न असायला हवा.

दर सप्टेंबरला अमेरिकी विद्यापीठांत नवी मुलं येत, महिनाभर गोंधळ घालत आणि हळूहळू रुळत. 1993-94 मध्ये अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीने आपल्या ग्राहकांना युझनेट खुलं केलं आणि नवख्यांचा हा ओघ थांबेनासा झाला. जुनी मंडळी त्याला 'न संपणारा सप्टेंबर' म्हणू लागली. दोष मात्र नवख्यांचा नव्हता. शिकवणारे थोडे आणि शिकणारे अफाट, असं झाल्यावर कुठलीही शाळा कोलमडते.

मराठी माणसांचाही गट होता, 'सोक.कल्चर.इंडियन.मराठी'. भारतात सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 पासून, विदेश संचार निगममार्फत. त्यामुळे आधी लिहिणाऱ्यांत परदेशी गेलेले विद्यार्थी आणि नोकरदार जास्त असणं साहजिक होतं. देवनागरी पडद्यावर उमटत नसे. रोमन लिपीत लिहायचं, तर 'बाळ' आणि 'बाल' वेगळे कसे दाखवायचे? अविनाश चोपडे यांच्या 'आयट्रान्स' पद्धतीत मोठा एल म्हणजे ळ, मोठा एन म्हणजे ण. वाचताना डोळ्यांना त्रास होई, पण उच्चार शाबूत राहत. परक्या कळफलकावर ळ सांभाळणाऱ्या त्या लोकांविषयी मला फार आदर वाटतो.

युझनेट ब्राउझरमधून दाखवणाऱ्या गूगल ग्रुप्सने 22 फेब्रुवारी 2024 पासून युझनेटचे नवे संदेश दाखवणं आणि स्वीकारणं थांबवलं. जुना साठा तिथे अजून वाचता येतो. युझनेट मात्र चालू आहे. थंडरबर्ड हा मोफत प्रोग्राम घ्यावा, 'इटर्नल सप्टेंबर'सारख्या मोफत सर्व्हरवर नाव नोंदवावं, न्यूजग्रुपचं खातं उघडून सर्व्हरचा पत्ता द्यावा आणि सुरक्षित जोडणीसाठी पोर्ट 563 निवडावं. मग गटांची भलीमोठी यादी उतरते. पाहताक्षणी छाती दडपते, पण नावं डावीकडून वाचत गेलं की वाट सापडते: 'कॉम्प' म्हणजे संगणक, 'साय' म्हणजे विज्ञान, 'रेक' म्हणजे छंद आणि करमणूक. अनेक गट ओस पडलेत, काहींत नुसता कचरा आहे. शेवटचा संदेश कधीचा आहे ते पाहून पुढे जावं. 'कॉम्प.लँग.सी'मध्ये सी भाषेवर अजूनही कसून वाद चालतात.

पहिला संदेश 'मिस्क.टेस्ट'मध्ये टाकून पाहावा. तो गट त्यासाठीच आहे. रोजचा ईमेल पत्ता संदेशात देऊ नये, कारण जाहिरातवाले असे पत्ते वेचत असतात. आणि पाठवलेलं परत घेता येईल, असं धरून चालू नये: रद्द करण्याची विनंती करता येते, पण बरेच सर्व्हर ती मानत नाहीत. सहीचा मजकूर चार ओळींत बसवावा आणि त्याच्या आधी एका वेगळ्या ओळीत दोन आडव्या रेघा व एक मोकळी जागा सोडावी, म्हणजे उत्तर देणाऱ्याचा प्रोग्राम ती सही आपोआप गाळतो.