जुने इंजिन : बांधावे की बदलावे?

कलाशाखेच्या वार्षिकांकात इंजिनावरचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु आमच्या सातपाटीत ज्या घरी टेम्पो आहे, त्या घरी कवितेपेक्षा क्रँकची चर्चा अधिक होते. आणि गेल्या जून-जुलैत, मासेमारी बंद असताना, ती आमच्या घरी रोज रात्री चालत असे. प्रश्न साधा होता. सोळा वर्षे मासळीच्या पाट्या पालघरला पोहोचवणाऱ्या टेम्पोचे इंजिन झिजले होते. ते उतरवून पुन्हा बांधावे, दुसरे बसवावे, की गाडीच मोडीत घालून कर्जाने नवी घ्यावी? तिसऱ्या मार्गाने गेलो असतो तर बहिणीच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी पहिल्या हप्त्यातच गेली असती. म्हणून हा विषय मी अभ्यासाच्या पुस्तकापेक्षाही जास्त मन लावून समजून घेतला.

आमची गाडी टाटा 407. ही गाडी 1986 साली बाजारात आली आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात रुजली. तिच्या इंजिनाला 497 म्हणतात. हा आकडा मला पूर्वी लॉटरीच्या तिकिटासारखा वाटे. त्याचा अर्थ सरळ आहे : सिलिंडर 4, आणि प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर. पिस्टनची धाव 100 मिलिमीटर धरली की गणिताने 2956 घन सेंटीमीटर येतात. ज्याला शंका असेल त्याने करून पाहावे.

आता झिजते म्हणजे काय होते? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती दाबानेच तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधून हवा निसटू लागली, की दाब उणा पडतो, हवा पुरेशी तापत नाही आणि गाडी पहाटे स्टार्ट होत नाही. दुपारी, इंजिन गरम असताना, तीच गाडी शहाण्यासारखी वागते. मासळीच्या धंद्यात पहाटेच सारे काही असते. गाडी अर्धा तास अडली की पालघर स्टेशनावरची लोकल निघून जाते आणि पापलेटाचा भाव बर्फाबरोबर वितळतो.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही, ही गोष्ट मला फार मौजेची वाटली. पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबतो व उलट फिरतो त्या जागी उष्णता सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी. म्हणून वरच्या टोकाला झीज अधिक. शिवाय क्रँक फिरताना पिस्टनला दोन बाजूंना दाबतो, त्यामुळे गोल भोक हळूहळू लांबट होते. हे डोळ्यांना दिसत नाही. डायलचे माप आत फिरवून ते पाहतात, आणि तिथे केसाच्या जाडीएवढा फरकसुद्धा पुष्कळ मानला जातो.

धुराचा रंगही बोलतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि त्याचे कारण कित्येकदा नुसता चोंदलेला फिल्टर किंवा बिघडलेला नोझल असतो. काळ्या धुराला भिऊन इंजिन उतरवणारे लोक मी पाहिले आहेत. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ आला तर बिघडत नाही. पाणी कमी होत असेल आणि धूर थांबत नसेल, तर मात्र हेडच्या गॅसकेटकडे पाहावे. ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर आतून भकाभका वाफ येत असेल, तर रिंगा गेल्या असे बहुधा समजावे.

आमच्या मिस्त्रींनी हे सारे पाहिले, पण मत दिले नाही. ते बाबांना एवढेच म्हणाले, ‘‘भाऊ, आधी खाली झोपून चासी बघा, मग इंजिनाचं बोला.’’

हे बोलणे मला या सर्व प्रकरणातले सर्वांत शहाणपणाचे वाटते. समुद्राची खारी हवा सातपाटीपासून तारापूरपर्यंत सगळ्यांनाच आहे. परंतु मासळीच्या गाडीवर दुहेरी संकट असते. पाट्यांतला बर्फ वितळून खारट पाणी फळीच्या फटींतून रोज चासीवर ठिबकते. त्यामुळे आमच्याकडे गाडीचे पोट आधी कुजते आणि इंजिन मागे राहते. जव्हार-मोखाड्याकडे नेमके उलटे : घाटाने इंजिन आणि गिअर झिजतात, चासी खणखणीत राहते. कुजलेल्या चासीवर नवे कोरे इंजिन बसवणे हा पैशाचा अपव्यय होय. आमच्या गाडीच्या मागच्या दोन आडव्या पट्ट्या गेल्या होत्या, पण लांब मुख्य तुळया हातोडीने ठोकल्यावर भरीव बोलल्या. पट्ट्या वेल्डिंगने बदलता येतात.

मग हिशेब. माझ्या अर्थशास्त्राचा इथे थोडा उपयोग झाला. एकूण खर्च न पाहता, गाडी अजून जितके महिने चालेल त्यांनी त्या खर्चाला भागावे. समजा, नव्या इंजिनाला बांधलेल्याच्या दुप्पट पैसे पडतात आणि ते दुप्पट टिकते. वरवर दोन्ही सारखेच. पण चासीच चार-पाच वर्षांची सोबती असेल, तर इंजिनाचे उरलेले आयुष्य मोडीत जाणार. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसला उभे राहावे लागते. तिथे पत्रा आणि ब्रेक पाहताना इंजिन नवे असल्याची भीड कोणी धरत नाही.

जुन्या बाजारातले इंजिन हा तिसरा पर्याय. मुंबईत कुर्ल्याला असली इंजिने मिळतात, आणि स्वस्त मिळतात. बाबा एक पाहूनही आले. पण त्याचा इतिहास कोण सांगणार? शिवाय इंजिनाचा नंबर गाडीच्या कागदांवर असतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलले तर परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते, आणि बिलाशिवाय घेतलेले इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर सगळाच प्रश्न मिटतो! मूळ बनावटीहून वेगळ्या जातीचे इंजिन घालण्याची हौस असणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल आधी विचारून घ्यावा.

(तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक कंस : ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजाला विचारतो, की चाक, आस, दांडा यांपैकी रथ कोणता? परिवहन कार्यालयाने याचे उत्तर देऊन टाकले आहे. इंजिन बदलता येते. गाडीची खरी ओळख चासीच्या नंबरात.)

जुने मोडण्याची घाई मोठ्या यंत्रांतही करीत नाहीत. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 साली सुरू झाल्या; पन्नाशी ओलांडल्यावर 2020 मध्ये त्या मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या. तिथेही प्रथम हेच तपासावे लागते, की न बदलता येणारा भाग अजून किती वर्षांचा आहे.

आम्ही इंजिन बांधायचे ठरवले. पुढचा वाद ‘हाफ’ की ‘फुल’ हा. हाफ इंजिन म्हणजे पिस्टन, रिंगा आणि वरचे काम. क्रँकला हात लावायचा नाही. फुलमध्ये क्रँकही उतरवून घासतात व त्या मापाची जाड बेअरिंगे घालतात. हे घासणे पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी होते आणि पायऱ्या मोजक्याच असतात. आमचा क्रँक एकदाच घासलेला निघाला, म्हणजे अजून जागा होती. औद्योगिक वसाहतीमुळे बोईसरला लेथवाले आणि ग्राइंडिंगवाले हाताशी आहेत, ही आपल्या भागाची मोठी सोय. हेड आणि ब्लॉक पाण्याच्या दाबाखाली तपासून तडा नाही याची खात्री झाल्यावरच पिस्टन आणायला बाबांनी मुंबईची गाडी पकडली. एका जागी तडा सापडता, तर माझा हा लेख नव्या टेम्पोच्या कर्जावर झाला असता.

इंजिन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बसले. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासून एकमेकांच्या मापाच्या होईपर्यंत जड ओझे घालायचे नाही, आणि पहिले ऑइल लवकर बदलायचे, कारण त्यात धातूचा चुरा असतो. नेमकी तेव्हाच बोटी भरून येत होत्या. पहिले पंधरा दिवस बाबांनी निम्म्याच पाट्या भरल्या. उरलेल्या शेजाऱ्यांच्या टेम्पोतून भाडे देऊन पाठवल्या. बहिणीची फी ऑगस्टच्या अखेरीस भरली.